न येणारं बिल : निसर्गाच्या फुकट सेवांची किंमत कशी काढायची?

बेळगाव, इंदूर, बडोदा, पणजी, पुणे, जिथून कुठून तुम्ही हा भाग वाचत असाल, तिथे तुमच्या नळाला पाणी येत असेल अशी आशा करतो. हे मी सहज म्हणत नाहीये. आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

मी बंगळूरच्या यशवंतपूरमध्ये राहतो. मराठी माणसाला हे नाव बहुतेक रेल्वेमुळे माहीत असतं, कारण इथून पंढरपूरला थेट गाडी जाते. मार्च 2024 मध्ये आमच्या इमारतीची कूपनलिका आटली. पहाटे साडेपाचला टँकरचा हॉर्न वाजला की कुणीतरी धावत खाली जायचं, पाइप टाकीत सोडायचा आणि पैसे मोजायचे. शहरभर हेच चाललं होतं. राज्य सरकारनेच सांगितलं की शहरातल्या 13,900 सरकारी कूपनलिकांपैकी 6,900 कोरड्या पडल्या आहेत. शेवटी प्रशासनाने टँकरचे कमाल दर ठरवून दिले. पाच किलोमीटरच्या आतून आणलेल्या 12,000 लिटरच्या टँकरला 1,000 रुपये, कर वेगळा. त्याआधी आम्ही बरेच जास्त मोजत होतो.

याच उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत एक ठराव आला. इमारतीच्या मागे तीस बाय चाळीस फुटांची, म्हणजे 1,200 चौरस फुटांची मोकळी जागा आहे. माती, थोडं गवत आणि एक जुना करंज. कानडीत त्याला होंगे म्हणतात. ठराव असा, की झाड काढून तिथे काँक्रीट करायचं आणि चार गाड्यांचं पार्किंग भाड्याने द्यायचं. प्रत्येकी महिना 2,000 रुपये धरले, तर वर्षाला 96,000. टँकरचा खर्च त्यातून निघेल.

बघा, हिशेब चोख होता. एका बाजूला 96,000 रुपये आणि दुसऱ्या बाजूला शून्य. मातीचा तुकडा महिन्याच्या शेवटी काही देत नाही, आणि काही मागतही नाही. मी म्हटलं, मला पंधरा दिवस द्या, दुसऱ्या बाजूचा आकडा मी काढून आणतो. त्या पंधरा दिवसांत मी काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते आज सांगतो.

शहराचा सौदा झाला, तळ्यांचा नाही

आधी थोडा इतिहास, आणि त्यात आपल्या लोकांचाही संबंध आहे. 1638 मध्ये बंगळूर आदिलशाहीने जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे 1687 च्या सुमारास मोगलांनी ते घेतलं आणि मैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांनी तीन लाख रुपये देऊन त्यांच्याकडून मिळवलं. म्हणजे या शहराचा रोख व्यवहार झालेला आहे! त्या तीन लाखांत किल्ला होता, पेठ होती, महसूल होता. तळी मात्र कुणी वेगळी मोजली असतील असं वाटत नाही.

खरं तर हे शहर तळ्यांमुळेच उभं राहिलं. बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच पठारावर आहे आणि इथे मोठी बारमाही नदी नाही. म्हणून केंपेगौडांच्या काळापासून उताराच्या दिशेने एकाखाली एक तळी बांधली गेली. वरचं भरलं की सांडवा खालच्या तळ्यात. मधल्या पाटांना इथे राजकालुवे म्हणतात. आमच्या शेजारच्या मत्तीकेरेच्या नावातला ‘केरे’ म्हणजे तळंच.

पुढे काय झालं? बसस्थानक हवं होतं, धर्मांबुधी तळं बुजवलं. आज मॅजेस्टिकचं मुख्य बसस्थानक तिथे आहे. स्टेडियम हवं होतं, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम आलं. ही कामं करणारे लोक वाईट नव्हते. त्यांच्यासमोरही आमच्यासारखाच कागद होता, एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला शून्य. यशवंतपूरला लागूनच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने उपग्रहचित्रांवरून हिशेब मांडला. त्यांच्या मते 1973 ते 2017 या काळात शहरातलं जलक्षेत्र 79 टक्क्यांनी आणि हिरवळ 88 टक्क्यांनी घटली.

मग पाणी कुठून आणायचं? कावेरीतून. सुमारे शंभर किलोमीटरवरून, आणि जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवून. एक हजार लिटर पाणी 500 मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या नियमाने 1.36 युनिट वीज लागते. पंपाची आणि पाइपातल्या घर्षणाची तूट धरली की जवळपास दोन युनिट. पावसाचं पाणी मात्र सूर्य समुद्रातून उचलतो, ढग करतो, घाटमाथा ओलांडून आणतो आणि आमच्या गच्चीवर टाकतो. त्याचं बिल कधी आलंय?

सेवा म्हणजे नेमकं काय?

‘निसर्गाच्या सेवा’ हा शब्द अनेकांना खटकतो. निसर्ग काय आपला नोकर आहे का? पण अर्थशास्त्रात सेवा म्हणजे एवढंच, की दुसऱ्याने केलेलं असं काम जे झालं नाही तर आपल्याला करावं लागेल, किंवा त्यावाचून राहावं लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2005 मध्ये जगभरच्या परिसंस्थांचा एक मोठा आढावा पूर्ण झाला. त्यात या कामांचे चार गट केले आहेत.

पहिला गट, हातात मिळणाऱ्या वस्तू. धान्य, लाकूड, मासे, पाणी. यशवंतपूरच्या मार्केट यार्डात गेलात तर महाराष्ट्रातून आलेला कांदा दिसेल. त्याला भाव आहे, कारण तो गोणीत भरता येतो.

दुसरा गट, सांभाळण्याची कामं. पूर थोपवणं, हवा थंड ठेवणं, पाणी गाळणं, परागीभवन. त्याच कांद्याचं उदाहरण घ्या. कांद्याचं बी धरायला मधमाश्या लागतात. बीजोत्पादन करणारे शेतकरी त्यासाठी मधपेट्या भाड्याने आणून शेतात ठेवतात. जिथे रानमाश्या भरपूर आहेत तिथे हेच काम फुकट होतं. यार्डातल्या पावतीवर हमाली असते, तोलाई असते, माशीची मजुरी नसते.

तिसरा गट, मनाला मिळणाऱ्या गोष्टी. सँकी तळ्याकाठी सकाळी फिरणारे शेकडो लोक व्यायामासाठी येतात हे खरं, पण व्यायाम रस्त्यावरही होतो. ते पाण्यासाठी येतात.

आणि चौथा गट, या तिघांना उभं करणारा पाया. माती तयार होणं, पाला कुजून पुन्हा खत होणं. हे इतकं सावकाश चालतं की आपल्याला दिसतच नाही.

किंमत काढण्याच्या तीन वाटा

आता मुख्य प्रश्न. जी गोष्ट बाजारात विकलीच जात नाही तिची किंमत काढायची कशी? पद्धती बऱ्याच आहेत. आपण तीन पाहू.

पहिली, पर्यायाचा खर्च. निसर्गाने हे काम बंद केलं तर तेच काम करायला किती लागेल? याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. त्या शहराचं पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर भागातल्या डोंगरांतून येतं. 1990 च्या दशकात शहरापुढे दोन रस्ते होते. एक तर 600 ते 800 कोटी डॉलर घालून गाळणी प्रकल्प उभारायचा, नाही तर साधारण 150 कोटी डॉलर त्या डोंगरांतली जंगलं, शेतं आणि ओढे नीट ठेवण्यावर खर्च करायचे. 1997 मध्ये वरच्या गावांशी करार झाला आणि शहराने दुसरा रस्ता धरला.

आमच्या बंगळूरच्या उत्तरेला जक्कूरचं तळं आहे, सुमारे 160 एकरांचं. तिथे सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रातून जातं, मग पाणकणसासारख्या वनस्पतींच्या दलदलीतून, आणि मगच तळ्यात. यंत्रातून सुटलेलं नत्र आणि स्फुरद या वनस्पती शोषून घेतात. तळं भरलेलं राहतं, मासेमारी चालते, आसपासच्या विहिरींना पाणी लागतं. यंत्र आणि दलदल दोघं मिळून काम करतात, आणि दलदलीला विजेचं बिल नाही.

दुसरी, नुकसानीचा खर्च. ते काम थांबल्यावर समाजाने काय भोगलं ते मोजायचं. यासाठी गिधाडांइतकं बोलकं उदाहरण नाही. 1990 च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने संपली. कारण होतं गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. मेलेली गुरं पडून राहू लागली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीज वाढला. 2024 मध्ये अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाने 2000 ते 2005 या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली. गावाबाहेरच्या त्या कुरूप पक्ष्याला आपण कधी एक रुपया पगार दिला नव्हता.

तिसरी वाट, थेट बाजारभाव. निसर्गाने दिलेली वस्तू बाजारात ज्या दराने मिळते, तो दर लावायचा. आमच्या तुकड्यासाठी मी इथूनच सुरुवात केली.

माझा कागद आणि त्यातली चूक

एक सोपं सूत्र लक्षात ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. आमचा तुकडा 111 चौरस मीटर. बंगळूरचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे 970 मिलिमीटर. म्हणजे 1 लाख 8 हजार लिटर, 12,000 लिटरचे नऊ टँकर. सगळं मुरत नाही. काही वाहून जातं, काही वाफ होतं. एक तृतीयांश मुरलं असं धरू. तीन टँकर. सरकारी दराने 3,000 रुपये.

तीन हजार! 96,000 च्या समोर. मी अस्वस्थ झालो आणि मग मी जे केलं ते बरेच निसर्गप्रेमी करतात. मी इतर आकडे शोधायला लागलो.

गारव्याचा हिशेब केला. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास 0.68 युनिट उष्णता शोषली जाते. झाड दिवसाला 100 लिटर पाणी पानांतून हवेत सोडतं असं धरलं, तर 68 युनिट उष्णता झाली. दीड टनाचा एसी तेरा तास चालवावा इतकी. त्याच्या विजेचे दिवसाला 140 रुपये, वर्षाला 51,000. मग प्राणवायू. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 2021 मध्ये एका झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरली होती, त्यात 45,000 नुसत्या प्राणवायूचे. झालं की! बेरीज पार्किंगच्या पुढे गेली. कागद घेऊन मी बैठकीत ऐटीत उभा राहिलो.

आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि दोनच प्रश्न विचारले. “सर, झाड नसतं तर तुम्ही मोकळ्या आकाशाखाली एसी लावला असता का? आणि झाड तोडलं तर आपण सिलिंडर विकत घेणार आहोत का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. पर्यायाचा खर्च तेव्हाच किंमत ठरतो, जेव्हा तो पर्याय आपण खरंच विकत घेणार असतो. टँकर आम्ही विकत घेतच होतो, म्हणून ते 3,000 खरे. उघड्यावरचा एसी कुणी लावत नाही. झाडाच्या बाजूच्या दोन घरांत पंखा आणि एसी किती कमी चालतो, तेवढाच गारवा मोजायला हवा होता. प्राणवायूचं तर त्याहून स्पष्ट आहे. हवेत 21 टक्के प्राणवायू आहे आणि एका करंजाने त्यात फरक पडत नाही. शिवाय रात्री झाड श्वास घेतं, पाला कुजताना प्राणवायू खर्च होतो. दवाखान्यातल्या सिलिंडरचा भाव त्याला लावणं म्हणजे समुद्राच्या पाण्याला बाटलीबंद पाण्याचा भाव लावणं.

हे मी मुद्दाम सांगतोय. व्हॉट्सॲपवर ‘एका झाडाची किंमत अमुक लाख’ असे संदेश फिरतात. हेतू चांगला असतो, पण पहिल्याच हुशार माणसाने आकडा पाडला की त्याबरोबर झाडही पडतं.

मग खरी किंमत लपते कुठे?

घरी येऊन मी पुन्हा विचार केला. 3,000 हा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. का?

पहिलं कारण, मुरलेलं पाणी आमचं राहत नाही. ते जमिनीखालून शेजाऱ्याच्या कूपनलिकेत जातं आणि त्याचं आमच्याकडे येतं. काँक्रीटचा फायदा पूर्ण आमचा, तोटा मात्र सगळ्या गल्लीत वाटला जाणार. प्रत्येक इमारतीने हाच शहाणा हिशेब केला की सगळी गल्ली कोरडी पडते. आमची कूपनलिका आटली ती बहुधा अशाच शंभर शहाण्या हिशेबांनी. बाजारात या कामाला भाव नाही याचं कारण ते निरुपयोगी आहे हे नाही. त्याचा फायदा कुणा एकाला कुंपणात घालता येत नाही, हे कारण आहे.

दुसरं कारण, किंमत प्रमाणावर अवलंबून असते. शहरात हजार तळी असताना एक बुजलं तर फार बिघडत नाही. दहा उरली असताना एक बुजणं ही वेगळी गोष्ट आहे. 1997 मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या सेवांची किंमत वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर काढली. तेव्हा जगातल्या सगळ्या देशांचं एकूण उत्पन्न 18 लाख कोटी होतं. या आकड्यावर खूप टीका झाली, आणि ती योग्यही होती. कमाईपेक्षा जास्त पैसे कुणी कसे देणार? पण त्या आकड्याने एक केलं. शून्य हा आकडा चूक आहे, हे जगाला दाखवलं.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. किंमत लावली की कुणीतरी ती भरायला तयार होतो. आपल्या देशात वनजमीन दुसऱ्या कामाला वळवताना तिचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागतं. 2022 मध्ये सुधारलेले दर हेक्टरी साधारण 9.57 लाख ते 15.95 लाख रुपये आहेत. फुकट जाण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण पैसा जातो वनीकरणाच्या निधीत. ज्या गावाचा झरा त्या रानावर जगत होता, त्या गावात तो झरा परत येतोच असं नाही. न्यूयॉर्कच्या करारात पैसा वरच्या डोंगरांतल्या गावांकडे गेला होता. फरक तिथे आहे. किंमत किती हा अर्धाच प्रश्न. ती कुणाला मिळते हा उरलेला अर्धा.

मुंबईकरांनी हे विसरू नये, की त्यांचे विहार आणि तुळशी हे तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानावर भरतात. आम्ही बंगळूरकरांनी विसरू नये, की आमची कावेरी तळकावेरीला, सह्याद्रीतच उगम पावते. कृष्णाही त्याच डोंगरांतून येते, गोदावरीही. आपल्यापैकी अनेकांच्या नळाचं दुसरं टोक एकाच पर्वतात आहे.

बैठकीत काय झालं

पुढच्या बैठकीत मी नवा कागद नेला. त्यात फक्त तीन ओळी होत्या. मुरणारं पाणी, 3,000 रुपये. दोन घरांची वाचणारी वीज, त्यांच्याच बिलांवरून. आणि तिसरी ओळ : याशिवाय जे आहे त्याला आकडा नाही, पण ते आहे.

तिसऱ्या ओळीवर कुणी हसेल असं मला वाटलं होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या अज्जींनी विचारलं, “मग दुपारी आम्ही बसायचं कुठे?” घरात दिवे जातात, टाकीत पाणी नसतं, तेव्हा चार-पाच म्हाताऱ्या माणसांची दुपार त्या होंगेखाली जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. मीही नाही.

सगळं जिंकलो असं सांगणार नाही. दोन गाड्यांची जागा झाली, पण काँक्रीट न करता, मधे माती राहील अशा जाळीदार फरशा टाकून. झाड राहिलं. गच्चीचं पाणी एका मुरवण खड्ड्यात सोडलं. त्याचा खर्च दोन गाड्यांच्या भाड्यातून निघतोय. आमचे खजिनदार आता पावसाळ्यात दर महिन्याला कूपनलिकेची पातळी वहीत लिहून ठेवतात. त्यांना आकडे आवडतात, आणि हा आकडा खरा आहे.

जाता जाता तुम्हाला एक काम देतो. तुमच्या घराभोवतीची मोकळी जमीन चौरस मीटरमध्ये मोजा. तुमच्या गावाचा वर्षाचा पाऊस मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्हींचा गुणाकार करा. जे येईल तेवढे लिटर पाणी दरवर्षी तुमच्या दारात कुणीतरी आणून टाकतं. मग तुमच्या गावातल्या टँकरचा भाव विचारा. आकडा छोटा आला तरी तो प्रामाणिकपणे लिहा. आणि त्याखाली, माझ्यासारखी चूक न करता, तिथे दुपारी कोण बसतं तेही लिहा.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी जपून वापरा. नमस्कार.